डब्यावर ६४ जीबी, आत ८: स्वस्त एमपी३ प्लेअर घेण्याआधी हे वाचा

माझा भाचा पोलीस भरतीची तयारी करतोय. पहाटे मैदानावर १६०० मीटर आणि गोळाफेक, दुपारी लेखीचा क्लास. फोन हातात आला की अर्धा तास रील्समध्ये जातो, म्हणून मैदानावर फोन न्यायचाच नाही असं त्यानं ठरवलंय. त्याला हवा होता टी-शर्टला अडकवता येईल असा छोटा प्लेअर. पळताना गाणी ऐकायची, आणि अंग मोकळं करताना क्लासमधल्या तासांचं रेकॉर्डिंग. सरांनी रेकॉर्ड करायला परवानगी दिली होती.

अशा वस्तूला आज चांगला पर्याय शोधणं अवघड झालंय. ॲपलनं आयपॉड शफल आणि नॅनो २०१७ मध्ये बंद केले, २०२२ मध्ये शेवटचा आयपॉडही थांबवला. आता शोधायला गेलं की बिननावाच्या डब्यांचीच रांग समोर येते. भाच्याला फोनवर जाहिरात दिसली: ६४ जीबी, ब्लूटूथ, व्हॉइस रेकॉर्डर, वॉटरप्रूफ. ४,९९९ रुपये खोडून १,२९९, आणि पैसे वस्तू हातात पडल्यावर. डिलिव्हरीवाल्यानं पैसे घेतल्याशिवाय खोकं उघडू दिलं नाही.

प्लेअर चालू झाला, आवाजही ठीक होता. कॉम्प्युटरला जोडला तर ५९.६ जीबी दाखवत होता. खऱ्या ६४ जीबीच्या मेमरीत विंडोज नेमका हाच आकडा दाखवतं, कारण कंपनी हजाराच्या हिशेबानं मोजते आणि विंडोज १०२४ च्या. त्यामुळे शंका घ्यायला जागाच नव्हती. खोटं बोलणाऱ्यानं हेही जुळवून ठेवलं होतं.

घोटाळा पुढे उघडा पडला. जुने तास ऐकायला घेतले तर काही फाइल लागतच नव्हत्या, काहींत नुसती खरखर. यादीत मात्र सगळी नावं जागच्या जागी, प्रत्येकीपुढे साइजही बरोबर. लेखी परीक्षा तोंडावर आणि पोराचे इतिहासाचे बहुतेक तास गेलेले. त्या दिवशी त्याचा फोनवरचा आवाज ऐकून मी प्लेअर पुण्याला मागवून घेतला.

तापकीर गल्लीत मेमरी आणि मोबाइलची कामं करणारे एक ओळखीचे गृहस्थ आहेत. त्यांनी झाकण उघडलं. आत गोंदानं चिकटवलेलं, कसलंही नाव नसलेलं मायक्रोएसडी कार्ड होतं. ते कॉम्प्युटरला लावून त्यांनी ‘एच२टेस्टडब्ल्यू’ नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम चालवला. तो रिकामी मेमरी काठोकाठ भरतो आणि भरलेलं सगळं परत वाचून ताडून बघतो. साडेसात जीबीच्या आसपास सगळं बरोबर, त्यापुढे सगळं चूक. म्हणजे कार्ड ८ जीबीचं!

हे कसं करतात, ते त्यांनी समजावलं. कार्डात एक छोटी कंट्रोलर चिप असते. मेमरी किती आहे, हे कॉम्प्युटरला ती सांगते. भामटे तिच्यातला आकडाच बदलतात. आठ जीबीच्या पुढचा डेटा मग एकतर कुठेच लिहिला जात नाही, नाहीतर फिरून पहिल्या डेटावर लिहिला जातो. फाइलींची नावं मात्र कार्डाच्या सुरुवातीच्या भागात नोंदलेली असतात, म्हणून यादी शाबूत दिसते. अनुक्रमणिका पूर्ण छापलेली आणि आतली पानं कोरी, असं ते पुस्तक.

मला सगळ्यात जास्त चीड आली ती या फसवणुकीच्या वेळेच्या हिशेबाची. १२८ केबीपीएस दर्जाचं (सेकंदाला १२८ किलोबिट) चार मिनिटांचं गाणं साधारण चार एमबीचं असतं. आठ जीबीत अशी दोन हजार गाणी बसतात. नुसती गाणी ऐकणाऱ्याला ही चोरी कदाचित कधीच कळणार नाही, आणि कळेल तेव्हा परतीची मुदत उलटून गेलेली असेल. भाच्याच्या प्लेअरचं पितळ लवकर उघडं पडलं, कारण त्याचा रेकॉर्डर वेव्ह फाइल, म्हणजे आवाज न दाबता साठवणारी मोठी फाइल, बनवत होता. सीडीच्या दर्जाची वेव्ह तासाला सहाशे एमबीहून जास्त जागा खाते.

विक्रेत्याला व्हॉट्सॲपवर कळवलं तर उत्तर आलं, “सर, फॉरमॅट मारा, चालू होईल.” फॉरमॅट केल्यावर असं कार्ड पुन्हा नव्यासारखं वागतं, पुन्हा आठ जीबी भरेपर्यंत. तेवढ्यात विक्रेत्याचे आणखी दिवस निघून जातात. आम्ही चाचणीचा फोटो पाठवला तेव्हा “सात दिवसांची पॉलिसी संपली” असं सांगून त्यानं नंबर ब्लॉक केला.

म्हणून कळकळीनं सांगतो, असा प्लेअर, पेनड्राइव्ह किंवा कार्ड घरी आलं की पहिल्याच दिवशी पूर्ण भरून तपासा. विंडोजवर वर सांगितलेला प्रोग्रॅम, लिनक्स किंवा मॅकवर ‘एफ३’. काहीच जमत नसेल तर मोठ्या फाइली टाकून ते भरा आणि पहिल्या, मधल्या, शेवटच्या फाइल प्लेअरवरच लावून बघा. ६४ जीबीला काही तास लागतील, लागू द्या. खोकं उघडतानाचा व्हिडिओ घ्या आणि पार्सलवरचं लेबल फाडून टाकू नका, पाठवणाऱ्याचा पत्ता फक्त तिथेच असतो. आमच्या डब्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नव्हता, एमआरपीही नव्हती. कायद्यानं दोन्ही छापणं बंधनकारक आहे.

‘वॉटरप्रूफ’ या शब्दालाही भुलू नका, पाण्यापासून किती बचाव होतो ते सांगणारा ‘आयपी’ आकडा विचारा. घामासाठी निदान आयपीएक्स४ हवं.

आणि व्यायामापुरता प्लेअर हवा असेल तर ६४ जीबीच्या मागे लागूच नका. कार्डासाठी खाच असलेला साधा प्लेअर आणि दुकानातून पक्क्या बिलावर घेतलेलं १६ जीबीचं कार्ड, एवढं पुरतं. भाच्याला आता तेच घेऊन दिलंय, तपासून.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. विक्रेता बोगस निघाला तर सायबर गुन्ह्यांसाठी १९३०. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ‘तेराशे रुपयांसाठी कोण धावपळ करणार’ याच भरवशावर हे लोक जगतात. आम्ही १९१५ वर तक्रार नोंदवली आहे, अजून निकाल नाही.

तुमच्याकडे असा प्लेअर आधीच असेल आणि फाइली बिघडायला लागल्या असतील, तर त्यात आता एकही नवी फाइल टाकू नका. फॉरमॅटही करू नका. ज्या चालतात त्या आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. हरवलेल्या फाइली परत आणून देतो म्हणणाऱ्या कुणालाही पैसे देऊ नका, कारण त्यातल्या बऱ्याचशा कधी लिहिल्याच गेलेल्या नसतात. भाच्याच्या इतिहासाच्या तासांचंही तेच झालं. वर्गातल्या एका मित्राची वही घेऊन तो सध्या ते पुन्हा उतरवून काढतोय.