सेकंड हँड गाडी आखाडात घ्या, दिवाळीत नको (एकाच दुकानाचा दोन सीझनचा रिव्ह्यू)

दुकानाचं नाव टाकत नाही, कारण अर्धा रिव्ह्यू शिव्यांचा आहे अन अर्धा कौतुकाचा, आणि मालक दोन्हीकडं तोच. परभणीतलं सेकंड हँड टू व्हीलर गाड्यांचं दुकान आहे. पत्र्याचं शेड, पुढं वीस-पंचवीस गाड्या साईड स्टँडवर कललेल्या, टाकीवर खडूनं मॉडेल लिहिलेलं, आणि आत एक टेबल ज्याच्या ड्रॉवरमध्ये निम्म्या जिल्ह्याची आरसी बुकं पडलेली. इथून मी दोन गाड्या घेतल्यात, पहिली २०१७ च्या दिवाळीत आणि दुसरी २०२४ च्या आखाडात, आणि तुम्ही शपथेवर विचारलं तरी सांगतो की दुकान एकच असलं तरी मला दोन वेगळ्या माणसांनी गाड्या विकल्या.

दिवाळीचं आधी सांगतो म्हणजे डोकं मोकळं होईल.

धनतेरसच्या आदल्या दिवशी गेलतो. सोयाबीन नुकतंच मोंढ्यावर (शेतमालाच्या बाजारात) गेलेलं, पहिल्या वेचणीचा कापूस व्यापाऱ्याच्या काट्यावर, ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांनी मुकादमाकडून उचल घेतलेली, नोकरीवाल्यांचा बोनस झालेला, म्हणजे आपल्याकडं वर्षभरात ज्याच्या ज्याच्या हातात म्हणून रोख पैसा दिसतो तो सगळा याच महिनाभरात दिसतो, आणि प्रत्येकाला मुहूर्तावर गाडी दारात उभी करायची असती. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मी एका १०० सीसीच्या सीटवर हात ठेवला तर मालक आतूनच ओरडला, "ओ भाऊ, घ्यायची असली तरच हात लावा." भाव विचारला, चौतीस. म्हणलं तीस. तर माझ्याकडं न बघता म्हणला, "मागं दोघं उभे हायेत."

ट्रायल म्हणून चौकापर्यंत नेऊ दिली. एका झटक्यात सेल्फ लागला, आवाज गोड, टायर काळे कुळकुळीत (पॉलिश मारलेली ते नंतर कळलं), मी खूश. इंजिनला हात लावून पाहिलंच नाही. लावला असता तर कळलं असतं की गडी सकाळपासून दर अर्ध्या तासानं सगळ्या गाड्या चालू करून गरम ठेवायलाय. तेहतीस हजाराला घेतली, वर पाचशे पोराच्या मिठाईला. टीटी, म्हणजे आरसीवर नाव बदलायचं काम, आठ दिवसात करून देतो म्हणला, ती झाली सात महिन्यांनी.

जानेवारीच्या थंडीत गाडीनं रंग दाखवला. सकाळी साडेसहाला चोक ओढून वीस-वीस किका, चालू झाली की मागं निळा धूर, शेजारच्या काकू खिडकी लावून घ्यायच्या. मिस्त्रीनं हेड खोललं अन नुसता हसला. बोअर-पिस्टन, व्हॉल्व्ह, टायमिंग चेन, मजुरी धरून साडेसहा हजार. मालकाकडं गेलो तर, "भाऊ, जुनी गाडी हाय, तुम्ही चालवून बघितलीच की." चूक नव्हतं त्याचं बोलणं, त्यामुळं जास्तच राग आला.

आता आखाड.

मी एका कृषी सेवा केंद्रात हिशोब बघतो, म्हणजे जूनमध्ये कोणाच्या खिशात किती आहे ते मला त्याच्या बायकोच्या आधी कळतं. मृग निघाला, दोन पाऊस पडले की बियाणं, डीएपी, तणनाशक, वरून पोरांची फी, वह्या-पुस्तकं, सगळं एकदम येतं आणि लग्नसराईनं आधीच पार धुऊन काढलेलं असतं. मागची उधारी भरल्याशिवाय नवं खत द्यायला आमच्या केंद्राचा मालक का-कू करतो. मग माणूस काय काढणार? सोनं आधीच बँकेत. घरात दोन गाड्या असल्या तर एक काढतो. म्हणजे जूनच्या मधल्यापासून जुलै संपेपर्यंत दुकानात गाड्या येतात पण गिऱ्हाईक येत नाही, कारण गिऱ्हाईक तर आपलं तिकडं पेरणीत. आखाडात शुभ काम नको म्हणून जे थोडेफार पैसेवाले असतात तेपण थांबतात. गाड्यांच्या दुकानाच्या मालकाचा पैसा गाड्यांत अडकलेला, शेडमध्ये पाणी गळायलंय, आणि त्याला फायनान्सवाल्याचा हप्ता चुकत नाही.

जुलै २०२४, बारीक भुरभुर चालू, मी छत्री घेऊन गेलो. हाच माणूस खुर्चीवरून उठला. "या मामा, बसा. ए, दोन चहा सांग." सात वर्षांत भाऊचा मामा झालो यात माझ्या टकलाचाही हात असल, पण चहा सीझनचाच.

स्प्लेंडर होती, २०२१ चं मॉडेल, एमएच २२ पासिंग, सिंगल ओनर, एक्केचाळीस हजार किलोमीटर. मागितले बासष्ट. मी घाई केली नाही, तीन दिवस तीन वेळा गेलो, अन तिन्ही वेळा पावसात. हेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, भावापेक्षा पण. पावसात गाडीचं खरं कळतं. रात्रभर ओल्या शेडमध्ये उभी राहिलेली गाडी सकाळी दुकान उघडताना चालू करून मागायची, इंजिन गार आहे का ते आधी हात लावून बघायचं. प्लगची टोपी, कॉईल, वायरिंगला कुठं चीर असंल तर दमट हवेत मिसफायर करणारच. घासलेला टायर कोरड्या रोडवर पॉलिश मारून लपतो, चिखलात नाही लपत. पुढचा ब्रेक ओला झाल्यावर पकडतो का, हॉर्न घसा बसल्यासारखा वाजतो का, मीटरच्या काचेत आतून वाफ धरते का, हे मे महिन्यात कोणता पठ्ठ्या सांगणार तुम्हाला? बेचाळीस डिग्रीत तर भंगारातली गाडी पण अर्ध्या किकेत चालू होती. आणि खड्डे. आमच्याकडच्या रोडवर जुलैमध्ये दोन किलोमीटर चालवलं की हँडलचा कोन सेट, शॉकप, चाकाचं बेरिंग सगळे आपापली ओळख सांगतात.

या गाडीचा फक्त मागचा ब्रेक आवाज करत होता आणि चेन ढिली होती. कागद बघितले, एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकला, फायनान्सचा बोजा उतरलेला, दोन चलन बाकी होते ते त्याच्याकडूनच भरून घेतले. २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या टू व्हीलरला पाच वर्षांचा थर्ड पार्टी इन्शुरन्स सोबतच येतो, त्यामुळं २०२६ पर्यंत तो खर्च नव्हता, फक्त नाव बदलायचं. चौपन्न हजाराला तुटलं, ब्रेक शू अन चेन स्पॉकेट त्याच्याच मिस्त्रीकडून बदलून. टीटीसाठी यावेळी मी पाच हजार मागं ठेवले, २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या समोर बसून घेतल्या, मूळ मालकालाच बोलवा म्हणलं. अठ्ठावीस दिवसात आरसी माझ्या नावावर. तेच दुकान, तोच माणूस, जिथं आधी सात महिने लागलते.

मूळ मालक आला तेव्हा जरा अवघड झालं, कारण तो आमच्याच केंद्रातला उधारीवाला निघाला. त्याच आठवड्यात त्यानं येऊन मागची बाकी भरली आणि सोयाबीनच्या चार बॅगा नेल्या. पावती मीच फाडली. गाडी बाहेर उभी होती, त्यानं जाता जाता आरसा नीट केला, त्याच्या अंदाजानं, मग लक्षात आलं तसा परत होता तसा केला. दुकानदारानं त्याला किती दिले ते मी विचारलं नाही. आता तुम्ही म्हणाल याच्या अडचणीत तू स्वस्त घेतली, तर हो, घेतली. म्हणून मी आखाडात भाव पाडताना जुना बोअर अन टायर दाखवून पाडतो, समोरच्याची गरज दाखवून नाही. एवढंच करता येतं बहुतेक.

चौपन्नला घेतलेल्या गाडीनं दीड वर्षात रोजचं जाऊन-येऊन साठ-सत्तर किलोमीटर काढलंय, अ‍ॅव्हरेज साठच्या पुढं, खर्च ऑईल आणि एक टायर.

बाकीच्या महिन्यांचं थोडक्यात. पाडवा ते अक्षय तृतीया अन पुढं लग्नं, नादी लागू नका, नवरदेवाच्या मित्राला पण गाडी लागती. त्यात ऊसतोडीच्या टोळ्या मार्च-एप्रिलात परत येतात, हिशोबात काही उरलं तर गाडीवर जातं. पितृपक्षात भाव पडतो पण मालक माल दाखवत नाही, दसऱ्यासाठी दाबून ठेवतो, जो दाखवतो तो का दाखवतो याचा विचार करा. दुसरा चांगला सीझन म्हणजे दिवाळी उलटून गेल्यावर, मार्गशीर्षाच्या आसपास. लोकांनी शोरूमला एक्सचेंजला दिलेल्या जुन्या गाड्या तेव्हा डीलरकडं ढिगानं येतात, आणि सकाळच्या थंडीत चालू करून बघायला मिळतं (माझा निळा धूर आठवा). डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तर एक तारीख पलटली की प्रत्येक गाडी एक वर्षानं म्हातारी होणार हे मालकाला पण माहीत असतं. पण एक सांगतो, हे कॅलेंडर मोंढ्याच्या भावावर चालतं. २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ होता आणि आमच्याकडं लोकांनी त्याच्या बरंच खाली विकलं, त्या दिवाळीत दुकानात गर्दी होती पण बघ्यांची.

आणि २०२५ नं तर सगळं गणितच उलटं केलं. २२ सप्टेंबरला, बरोबर घटस्थापनेला, ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. नवी गाडी स्वस्त झाली म्हणल्यावर जुनीला कोण विचारतंय, मालकानं ऑगस्टमध्ये चढ्या भावात भरलेला माल त्याच्याच गळ्यात पडला. त्यातच सप्टेंबरचा तो पाऊस. बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, आमचं परभणी, नद्या गावात शिरल्या, गाड्या हँडलपर्यंत पाण्यात. त्या गाड्या कुठं गेल्या? धुऊन-पुसून, नवं सीट कव्हर चढवून बाजारात आल्या.

आमच्या मेहुण्यानं नोव्हेंबरात त्यातलीच एक घेतली, दुसऱ्या जिल्ह्यातून, दुसऱ्याच डीलरकडून, मला न विचारता. एवढ्या स्वस्तात कशी म्हणलं तर म्हणी, "दाजी, जीएसटीमुळं पडल्यात." मी सीट काढली तर बॅटरीच्या डब्याच्या कोपऱ्यात बारीक गाळ, वाळून पापडी झालेला. हेडलाईटच्या आत पाण्याची आडवी रेघ. ऑईलची कॅप खोलली तर आतून चहाच्या सायीसारखं फेसाळ. बीएस सिक्स गाडी, म्हणजे फ्युएल इंजेक्शन, सेन्सर, ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर), सगळे कनेक्टर हिरवे पडलेले, इंजिनचा पिवळा लाईट जाईनाच. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला पाणी लागलं तर मिस्त्री पेट्रोलनं धुऊन लावून देतो, इथं एक ईसीयू बदलायचा म्हणलं की गाडीच्या किमतीचा मोठा लचका गेला. तर पुढचं निदान वर्षभर आपल्या भागातली गाडी घेताना सीझन कोणताही असू द्या, सीट खोलून बघितल्याशिवाय टोकन देऊ नका, आणि २०१९ च्या एप्रिलच्या आधीची असंल तर एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरची पाटी, बसवली का ते पण बघा, नाहीतर टू व्हीलरचे ५३१ रुपये अन चकरा तुमच्याकडं.

स्टार द्यायचेच तर दुकानाला दिवाळीत दीड, आखाडात साडेचार, अर्धा कापला कारण चहा लई गोड होता. मेहुण्याची गाडी सध्या आमच्या अंगणात झाकून ठेवलीय. जूनमध्ये विकतो म्हणतो. मी म्हणलं विक, पण माझ्या दुकानदाराकडं नको नेऊ, तो पहिल्यांदा सीटच काढंल.