‘इटालियन सस्पेन्शन किट’च्या नावाखाली १,१८,००० रुपये लुबाडले : फियाटवाल्यांनो, सावध व्हा

जुनी फियाट हायवेवर ‘नव्या गाडीसारखी’ चालवून देतो असं कोणी सांगितलं, तर त्याला ॲडव्हान्स म्हणून एक रुपयाही देऊ नका. मी एका गॅरेजवाल्याला दिला. आधी ४०,०००, मग ‘माल कस्टममधून सुटला’ म्हणून ३५,०००, मजुरी १८,०००, चार रेडियल टायर २२,४०० आणि चाकांच्या अलाइनमेंटचे २,६००. एकूण १,१८,०००. हे आकडे लिहिताना आजही हात थरथरतो.

मी काही काल गाडी घेतलेला हौशी माणूस नाही. माझी १९८२ची प्रीमिअर पद्मिनी, म्हणजे आपली फियाटच, वडिलांनी घेतलेली आहे. प्लग, पॉइंट, कार्बोरेटरची साफसफाई मी स्वतः करतो. गाडीचा त्रास एकच होता. सत्तरच्या पुढे गेलं की स्टेअरिंग फ्री वाटायचं आणि गाडी लेनमध्ये सरळ राहायची नाही. शेजारून कंटेनर गेला की वाऱ्याने बाजूला सरकायची. पुणे-सातारा रस्त्यावर खंबाटकी घाटाच्या अलीकडे एकदा बायकोने डॅशबोर्ड घट्ट धरला, तेव्हा ठरवलं की याचा कायमचा बंदोबस्त करायचा. यात चुकीचं काय होतं? सुरक्षिततेसाठीच खर्च करत होतो, मिरवायला नाही.

त्या गॅरेजवाल्याचं नाव इथे लिहीत नाही, प्रकरण अजून चालू आहे. पण त्याची पद्धत नीट समजून घ्या, कारण ती साधी लबाडी नव्हती. त्याने निदान अगदी खरं केलं. गाडी जॅकवर घेतली, पुढचं चाक वर-खाली धरून हलवलं आणि किंगपिनचा, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिचा, ढिलेपणा दाखवला. मग आडवं हलवून स्टेअरिंगचे सांधे, म्हणजे टाय-रॉड एंड आणि आयडलर आर्मचा बूश (सांध्यातलं अस्तर), गेलेले दाखवले. मागचे पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग) बसलेत, तेही दाखवलं. सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. म्हणाला, ‘काका, गाडी बाजूला पळणारच हो, सगळंच ढिलं आहे.’ असं खरं बोलणाऱ्या माणसावर कोण संशय घेईल? त्याच्याकडे आणखी दोन फियाट उभ्या होत्या, एकीचं काम चालू होतं. मोबाइलवर ‘आधी’ आणि ‘नंतर’चे व्हिडिओ होते. निदान खरं आणि औषध खोटं, हाच त्याचा धंदा.

मग त्याने किट सुचवली. चार गॅस शॉकॲब्सॉर्बर, गाडी खाली बसवणाऱ्या पुढच्या दोन ‘लोअरिंग’ स्प्रिंग, लाल पॉलियुरेथेनचे बूश. मूळ गाडी इटलीची, म्हणून किटही इटलीची. पावती घेतली तर टॅक्स लागेल, बिनबिलाचं केलं तर वाचेल, असंही वर सांगितलं. पैसे गॅरेजच्या नावावर नाही, कुण्या नातेवाइकाच्या यूपीआयवर घेतले. गॅरेजची पाटी एका नावाची आणि स्कॅनरवर नाव दुसऱ्याचं दिसलं, तर तिथूनच मागे फिरा.

आता तो क्षण सांगतो, जो मला झोपू देत नाही.

माल आल्याचा फोन आला म्हणून गेलो. शॉकॲब्सॉर्बर टेबलावर मांडलेले. एक उचलला, खाली टेकवून दांडा आत दाबला आणि हात काढला. दांडा आतच राहिला. खऱ्या गॅसच्या शॉकॲब्सॉर्बरमध्ये दाब भरलेला असतो, हात सोडला की दांडा आपोआप बाहेर येतो. हे मला माहीत होतं! मी विचारलंसुद्धा. तो म्हणाला, ‘नवा माल आहे, सील घट्ट आहे, शंभर किलोमीटर चालला की मोकळा होईल.’ आणि लगेच मला दंडाला धरून गाडीच्या दुसऱ्या बाजूला नेलं, काढलेले जुने बूश दाखवायला. बोटांना काळा रंग लागला होता, तो मी रुमालाला पुसला. कारखान्यातून खोक्यात आलेल्या मालाचा रंग बोटांना लागतो का? तो दांडा आणि तो रंग आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. पण तेव्हा ७५,००० आधीच गेले होते, गाडीचे चारही कोपरे उघडे होते, चाकं बाजूला काढून ठेवलेली. त्या अवस्थेत गाडी उचलून नेणार तरी कुठे? तो क्षण त्याने मुद्दाम तसा आणला होता. सगळं खोलल्याशिवाय माल दाखवायचा नाही, हे त्याचं गणित. तुम्ही माल आधी बघा, दाबून बघा, मगच पान्याला हात लावू द्या.

गाडी हातात आली तेव्हा पुढून खाली बसलेली, दिसायला देखणी. गावात बरी चालली. हायवेवर पंचाहत्तरला पुलाच्या जोडावरून गेली आणि पुढची चाकं थडथडायला लागली. स्टेअरिंग हातात मावेना. ब्रेक दाबला तर गाडी डावीकडे ओढली. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली गाडी आहे ही, मागे ट्रक होता. कशी बाजूला घेतली ते देवाला ठाऊक. क्रेनचे ४,५०० गेले.

मुंबईत फियाट टॅक्सींवर हयात घालवलेल्या एका जुन्या मिस्त्रींनी गाडी खोलली. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. टॅक्सी गेल्या तसे फियाटचे जाणते मिस्त्री आणि सुटे भागही दुर्मिळ झाले, आणि असल्या भामट्यांचं त्यावरच फावतं. मिस्त्रींनी लाल बूश नखाने खरवडला, खाली काळं जुनं रबर निघालं. स्प्रिंग काढून टोक घासलं. कारखान्याच्या स्प्रिंगचं टोक सपाट बसेल असं केलेलं असतं. हे टोक ओबडधोबड, कडेला निळसर झाक. माझ्याच गाडीची मूळ स्प्रिंग गॅसने कापून, रंग मारून, तीच परत बसवली होती. आच लागलेल्या पोलादाचं पाणी उतरतं, म्हणजे त्याचा कस जातो, शिवाय तोकडी स्प्रिंग गाडी उचलली की बशीत सैल पडते. पुढून गाडी खाली आल्यामुळे चाकांचे कोन बिघडले, खड्ड्यावर चाक आपोआप वळायला लागलं. शॉकॲब्सॉर्बर जुने, तेलाचे, रंगवलेले. टायरच्या भिंतीवर शेवटचे चार अंक उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. ती बाजू त्याने चारही चाकांना आत घालून बसवली होती. आरसा घालून वाचलं तर २०१५चे टायर. आणि जे खरोखर गेलं होतं, किंगपिन, आयडलर आर्म, टाय-रॉड एंड, त्यातल्या एकालाही हात लावला नव्हता!

मिस्त्रींनी किंगपिन संच, बूश, दुसऱ्या गाडीच्या मूळ स्प्रिंग, साधे नवे शॉकॲब्सॉर्बर आणि मागच्या पाट्यांचं काम करून दिलं, अलाइनमेंटसह ३१,७५०. टायर अजून बदलायचेत, ते पैसे वेगळेच. पण या साध्या भागांवर आज गाडी ऐंशीला सरळ धावते. १०८९ सीसीच्या गाडीला कुठल्याही इटालियन किटची गरज नव्हती. झिजलेलं बदलायचं, ग्रीस वेळेवर भरायचं, टायरमध्ये हवा बरोबर ठेवायची, एवढंच. आजवर १,५४,२५० गेले ते गेले.

चोराचा राग एकवेळ आवरता येतो, कचेऱ्यांचा नाही. पोलीस चौकीत पहिला प्रश्न, ‘काका, पैसे तुम्ही स्वतःहून दिले ना? मग हे दिवाणी झालं.’ भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे, तरी दिवाणी! यूपीआय म्हटल्यावर सायबरकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, गॅरेज प्रत्यक्षात आहे, तुम्ही तिथे गेलात, म्हणजे सायबर नाही. परत चौकीत. आता म्हणे भाग बनावट असल्याचा आरटीओचा अहवाल आणा. आरटीओत सांगितलं, पोलिसांच्या पत्राशिवाय गाडी तपासत नाही. वर तिथल्या साहेबांनी मलाच दम दिला, की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत परवानगीशिवाय बदल केलेत, कारवाई तुमच्यावरच होईल. म्हणजे ज्याने स्प्रिंग कापून माझा जीव धोक्यात घातला तो मोकळा, आणि आरोपी मी? पत्रासाठी पुन्हा चौकीत गेलो तर ‘साहेब बंदोबस्ताला गेलेत’. ज्येष्ठ नागरिकाला बाकावर बसवून ठेवायचं, चहा पीत समोरून जायचं, आणि संध्याकाळी सांगायचं की उद्या या. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदली. गॅरेजकडून उत्तर नाही, म्हणून तक्रार बंद. उत्तर न देणं हाच बचाव ठरतो का? कुणालाच काही वाटत नाही?

चौकीने नोंद घेतली नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (४) खाली पोलीस अधीक्षकांना तक्रार लेखी, पोस्टाने पाठवता येते, आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. हे मला चौकीत कुणी सांगितलं नाही, वकिलाने सांगितलं. मी रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली आहे. शिवाय जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंत तिथे फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते. बिल नसलं तरी व्हॉट्सॲपवरचा भाव, यूपीआयच्या नोंदी आणि मिस्त्रींचं लेखी निवेदन जोडलं आहे. कापलेल्या स्प्रिंग, रंगवलेले बूश आणि शॉकॲब्सॉर्बर मी फेकलेले नाहीत, सुनावणीला पिशवीत घालून घेऊन जाणार आहे.

त्या गॅरेजात आणखी दोन फियाट होत्या. कुणाच्या होत्या माहीत नाही. ज्याने अशी किट बसवून घेतली असेल, त्याने आज गाडी हायवेवर काढू नये. जॅकवर घ्या, पुढची स्प्रिंग हाताने फिरवून बघा. सैल फिरली तर टोकाचा फोटो काढा, टायरच्या आतल्या बाजूचे अंक टिपून घ्या, आणि जुना भाग कोणत्याही मिस्त्रीकडे सोडून येऊ नका.