डाव कुठे फसला? लीचेस, चेस डॉट कॉम आणि चॅटबॉटच्या विश्लेषणाचा आढावा

ऑनलाइन बुद्धिबळाचा डाव संपल्यावर लीचेस या संकेतस्थळावर कॉम्प्युटर विश्लेषण मागितलं की थोड्याच वेळात चुकांची मोजणी येते आणि एखाद्या खेळीपुढे दोन प्रश्नचिन्हं दिसतात. तिथे कोण वरचढ आहे हे दाखवणारा आलेख कोसळलेला असतो. तो का कोसळला, हे स्टॉकफिश, म्हणजे खेळ्यांचा हिशेब करणारं लीचेसवरचं इंजिन, सांगत नाही, ते फक्त दुसरी खेळी दाखवतं. खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या ज्या गावात शिकवणारं कुणी नाही, तिथलं मूल नेमकं इथेच अडतं. मग ते चॅटबॉटला विचारतं, आणि पुष्कळदा चुकीचं उत्तर घेऊन उठतं.

आमचं मत असं: चूक इंजिनने ठरवावी आणि चॅटबॉटने ती मराठीत उलगडावी. दोन्ही कामं चॅटबॉटकडे दिली की फसगत ठरलेली.

कारण चॅटबॉटसमोर पट नसतो. तो वाचलेल्या मजकुरावरून पुढचा शब्द जुळवतो. ओपनिंगवर भरपूर लिहिलं गेलंय, म्हणून पहिल्या आठ-दहा खेळ्यांबद्दल तो छान बोलतो. डाव मध्यात गेला की सी३ या घरावरून कधीच हललेला घोडा त्याला अजून तिथेच दिसतो, मारलेला उंट शह देतो. ऑगस्ट २०२५ मध्ये कॅगल या संकेतस्थळावर चॅटबॉटमागच्या मॉडेलांचे आपापसांत सामने झाले, तेव्हा किमी के२ हे मॉडेल नियमात बसणारी खेळी करता न आल्यामुळे चारही डाव हरलं.

चेस डॉट कॉमचं गेम रिव्ह्यू याबाबतीत सुरक्षित आहे, कारण त्याची वाक्यं इंजिनच्या हिशेबावर बेतलेली असतात. 'या खेळीने घोडा जातो' एवढं ते बरोबर सांगतं. पण त्यापुढे फारसं जात नाही, आणि मोफत खात्यावर रिव्ह्यू मोजकेच मिळतात. त्यातल्या अचूकतेच्या टक्केवारीला पालकांनी फार महत्त्व देऊ नये. सोप्या, लवकर संपलेल्या डावात ती उगाच फुगते.

आता लीचेस आणि चॅटबॉट यांची जोडी कशी लावायची ते पाहू. बहुतेकांचं चुकतं ते एकाच जागी. इंजिन 'काय खेळायला हवं होतं' ते दाखवतं, आणि लोक तीच ओळ, म्हणजे खेळ्यांची मालिका, चॅटबॉटला देतात. चूक का झाली याचं कारण त्या ओळीत नसतं, ते असतं चुकीच्या खेळीला मिळणाऱ्या उत्तरात. म्हणून विश्लेषणाच्या पटावर आधी ती चुकीचीच खेळी करा, इंजिन चालू ठेवा, खोली (इंजिन किती पुढचं पाहतंय तो आकडा) २० च्या पुढे जाऊ द्या आणि मग आलेली ओळ उतरवून घ्या.

उदाहरण घ्या, आधी पांढऱ्याची खेळी, मग काळ्याची. ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ घोडा एफ६, घोडा जी५ डी५, ई प्याद्याने डी५ मारलं. इथे काळा घोड्याने डी५ परत मारतो. इंजिनला घोडा ए५ हवा असतो. नुसतं 'ए५ का?' विचारलं की 'घोडा उंटावर मारा करतो' एवढंच उत्तर येतं. ते खरं आहे, पण घोड्याने डी५ मारणं का वाईट हे त्यातून कळत नाही. चुकीची खेळी करून पुढची ओळ पाहिली की चित्र उघडतं: घोडा एफ७ मारतो, राजा घोडा मारतो, वजीर एफ३ वर शह. काळ्याचा घोडा एफ६ वरून हलल्यामुळे एफ पट्टी मोकळी झाली, आणि डी५ च्या घोड्यावर आता उंट आणि वजीर दोघांचा मारा आहे. तो राखायला राजाला ई६ वर, पटाच्या मध्यात यावं लागतं. ही ओळ दिली की चॅटबॉट हे सगळं नीट मांडतो.

विचारताना पटाखालची एफईएनची ओळ (पटावरची स्थिती अक्षरांत मांडणारी), केलेली खेळी, इंजिनची खेळी आणि दोन्ही ओळी द्या. सोबत लिहा: 'या ओळींबाहेरची एकही खेळी सांगू नकोस. कोणतं मोहरं कोणत्या घरावर मारा करतंय ते घराच्या नावासह पाच वाक्यांत सांग.' पटाचा फोटो देऊ नका. काळ्याच्या बाजूने काढलेल्या फोटोत घरांची नावं उलटी लागतात.

भाषेचीही काळजी घ्यावी लागते. सांगितलं नाही तर चॅटबॉट वजिराला राणी म्हणतो, उंटाला बिशप, आणि 'के' हे अक्षर पाहून मूल राजाला घोडा समजतं. बेळगावात एकाच पटाभोवती वजीर, क्वीन आणि कुदुरे (कन्नडमध्ये घोडा) असे तीन भाषांतले शब्द ऐकू येतात, त्यामुळे गोंधळ लगेच होतो. सुरुवातीलाच एक ओळ द्या: के राजा, क्यू वजीर, आर हत्ती, बी उंट, एन घोडा.

उत्तर आलं की प्रत्येक दावा पटावर बोट ठेवून तपासा. 'हे बरोबर आहे का?' असं चॅटबॉटलाच विचारण्यात अर्थ नाही, तो लगेच माघार घेऊन दुसरं काहीतरी सांगतो.

एंडगेममध्ये, म्हणजे मोजकी मोहरी उरलेल्या शेवटच्या टप्प्यात, ही पद्धत विशेष उपयोगी पडते, कारण तिथे इंजिनचा आकडा काहीच शिकवत नाही. डिसेंबर २०२४ च्या जागतिक अजिंक्यपदाच्या चौदाव्या डावात तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेनने गुकेशविरुद्ध बरोबरीच्या स्थितीत हत्ती एफ२ खेळला. गुकेशने हत्तींची मारामारी केली आणि उंट डी५ वर आणला. डिंगचा उंट ए८ च्या कोपऱ्यात होता, त्याला एकच कर्ण, आणि त्या कर्णावर गुकेशचा उंट राजाच्या आधाराने उभा. मारामारी टळणं शक्य नव्हतं, आणि उरलेल्या प्याद्यांच्या डावात गुकेशचं एक प्यादं जास्त. 'कोपऱ्यातला उंट' हे दोन शब्द मुलाला कळले की पुरे.

दोन प्रश्नचिन्हं नाहीत म्हणून खेळी चांगली, असंही समजू नका. लीचेस जिंकण्याची शक्यता किती घटली ते पाहून खूण करतं. मोठ्या आघाडीतला बराचसा भाग गेला तरी दोन प्रश्नचिन्हं लागतीलच असं नाही.

मोबाइलवर ब्राउझरमधलं इंजिन फोनच्याच प्रोसेसरवर चालतं, फोन तापतो आणि बॅटरी उतरते. सर्व्हरवरचं विश्लेषण मोफत आहे. पावसाळ्यात खानापूरकडे रेंज आली की ते आधी मागून ठेवावं.

बाराशेच्या खालच्या रेटिंगला चॅटबॉटची गरज नाही. तिथल्या चुका बहुतेक फुकट दिलेल्या मोहऱ्यांच्या असतात, आणि त्यासाठी लीचेसचं 'चुकांमधून शिका' हे बटण सर्वांत चांगलं. ते चुकलेली स्थिती परत समोर ठेवतं आणि उत्तर तुमच्याकडून काढून घेतं. त्याआधी डावाच्या नोंदीतलं घड्याळ पाहा. दहा मिनिटांच्या डावात ती खेळी दोन सेकंदांत झालेली असेल, तर कारण तिथेच सापडलं.