ब्लॅकचं पेट्रोल: टंचाईच्या दोन दिवसांत वाहनचालक कसे लुटले जातात

टँकरचालकांच्या संपासारख्या कारणाने पंपावर ‘स्टॉक नाही’ची पाटी लागली की तासाभरात शंभर पावलांवर बाटल्या घेतलेली मुलं उभी राहतात. कुर्ला असो की बोरिवली, पद्धत एकच. दर दुप्पट. घेणारा बहुतेक वेळा डिलिव्हरी करणारा किंवा कामावर पोचायची घाई असलेला स्कूटरवाला असतो. खाडा झाला तर रोजी बुडते, म्हणून तो घासाघीस करत नाही. दोन बाटल्या टाकीत ओततो, चार-पाच किलोमीटर जातो आणि गाडी झटके खाऊन बंद पडते. परत येऊन बघतो तर बाटलीवाला गायब. बिल नाही, माल कुठल्या पंपाचा ते माहीत नाही, दाद मागायची कोणाकडे?

या बाटलीत नेमकं काय असतं ते समजून घ्या.

सर्वात आधी माप मारलेलं असतं. शीतपेयाची 750 मिलीची बाटली ‘लिटर’ म्हणून खपवली जाते. म्हणजे दुप्पट दर सांगून प्रत्यक्षात लिटरमागे अडीच पटीहून जास्त पैसे घेतले जातात. मुंबईच्या हवेत एक लिटर पेट्रोलचं वजन, बाटली वगळून, साधारण 710 ते 765 ग्रॅम भरतं. भाजीवाल्याच्या काट्यावरसुद्धा हे पकडता येतं.

भेसळ मात्र काट्यावर सापडत नाही. पेट्रोलची डेन्सिटी, म्हणजे घनता, 15 अंश सेल्सिअसला 720 ते 775 किलो प्रति घनमीटर चालते. समजा मूळ पेट्रोल 745 चं आहे आणि त्यात वीस टक्के 800 डेन्सिटीचं रॉकेल घातलं, तर मिश्रण 756 वर येतं. म्हणजे ते मर्यादेतच बसतं. म्हणून पंपावर नुसता आकडा बघत नाहीत, तो टँकरच्या चलानवरच्या, म्हणजे मालासोबत आलेल्या पावतीवरच्या, आकड्याशी जुळवतात आणि तीन किलोपेक्षा जास्त फरक आला तर माल संशयास्पद ठरतो. बाटलीला चलान नसतं, त्यामुळे ती तपासायचा हा एकमेव पक्का रस्ताच बंद होतो.

फिल्टर पेपरवर लोकांचा फार भरवसा असतो. एक थेंब टाकायचा, दोनेक मिनिटांत तो उडून गेला आणि डाग राहिला नाही तर पेट्रोल शुद्ध, असं मानतात. ही चाचणी रॉकेल आणि डिझेलसारखं जड तेल पकडते. हलकं सॉल्व्हंट, म्हणजे विद्रावक तेल, पेट्रोलसारखंच उडून जातं आणि कागद कोरा राहतो. कागदावर डाग आला तर भेसळ आहे असं समजा. डाग आला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका.

पाण्याबद्दल गैरसमज जास्त आहेत. आज मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि प्रमाणाबाहेर पाणी गेलं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाला बसतात. इंधन पंप तळातूनच ओढतो, म्हणून इंजिनात पहिल्यांदा तेच जातं. मात्र 100 मिली पेट्रोलमध्ये 10 मिली पाणी घालून हलवलं आणि खालचा थर वाढून 30 मिलीच्या जवळ गेला, तर त्याचा अर्थ पंपवाल्याने पाणी घातलं असा होत नाही. तुमच्याच पाण्याने इथेनॉल खाली ओढलं, एवढंच ते दाखवतं. असे व्हिडिओ बघून पंपावर भांडायला गेलात तर खरी तक्रारसुद्धा कोणी ऐकणार नाही. पाणी न घालता, नुसतं स्वच्छ काचेच्या बाटलीत दहा मिनिटं ठेवल्यावर खाली वेगळा थर दिसला, तर ती खरी गडबड.

संशयास्पद बाटली टाकीत गेलीच असेल तर स्टार्टर मारू नका. बीएस-6, म्हणजे 2020 पासूनच्या प्रदूषण निकषांच्या, स्कूटरमध्ये इंधन पंप टाकीतच असतो. एकदा चावी फिरवली की घाण पाइपातून इंजिनात इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरपर्यंत पोचते. गाडी ढकलत न्या, टाकी पूर्ण रिकामी करून घ्या, पंपाची जाळी साफ करून टाकी कोरडी करा, मग थोडं चांगलं पेट्रोल घालून खळखळून तेही काढून टाका. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत फ्लोट बाउलचा, म्हणजे कार्ब्युरेटरच्या तळाच्या पेट्रोलच्या वाटीचा, ड्रेन स्क्रू सोडायचा. प्लग काळा पडला असेल तर साफ करा. एवढं लगेच केलं तर खर्च मजुरीवर भागतो. बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा सुरू करत राहिलात तर इंजेक्टर आणि पंप दोन्ही जातात.

फसवणूक पंपावरही होते आणि गर्दी तिला पोसते. आधीच्या गिऱ्हाइकाचं रीडिंग शून्यावर न आणता तुमचं भरणं सुरू करणं, हा जुना डाव गडबडीत सहज खपतो. रांगेत फोन बघू नका, शून्य बघा. ‘साधं संपलं, प्रीमियमच आहे’ असं सांगितलं तर साध्या नोझलवर खरंच बंदची पाटी आहे का ते विचारा. शंभर-दोनशे रुपयांऐवजी एकशेसत्तरचं भरलं की माप बरोबर मिळतं, या समजुतीत तथ्य नाही. 2017 मध्ये ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने राज्यभरातल्या पंपांवर छापे घातले, तेव्हा मशीनच्या पल्सर कार्डातच फेरफार केलेला सापडला होता. मापाचे स्पंद मोजणारा भागच खोटं बोलत असेल तर कितीचंही भरा, कमीच येणार. त्यावर उपाय एकच, पाच लिटरचं प्रमाणित माप मागणं. त्यात 25 मिलीपर्यंतचा फरक चालतो. हे माप दाखवणं पंपाला बंधनकारक आहे. टंचाईत रांग मागे असताना ते मागायचं धैर्य होत नाही, हे कळतं. तरी गर्दी ओसरल्यावर त्याच नोझलला मागा.

टँकर खाली होत असेल तर त्या पंपावर लगेच भरू नका. जवळजवळ कोरड्या पडलेल्या जमिनीखालच्या टाकीत तळाचा गाळ आणि पाणी ढवळून निघतं. थोडं निवळू द्या.

मोबाइलवर फिरणारे ‘घरपोच पेट्रोल, आगाऊ क्यूआर पेमेंट’ हे मेसेज तर सरळ चोरी. पैसे गेल्यास ताबडतोब सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर कळवा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत सरकते.

आता दोष कोणाचा? राग टँकरचालकांवर निघतो आणि ते अन्यायाचं आहे. 1 आणि 2 जानेवारी 2024 ला त्यांचा संप झाला तो भारतीय न्याय संहितेच्या, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम 106(2) विरुद्ध. बेदरकार चालवून कोणाचा जीव घेतल्यावर न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद त्यात होती. 2 तारखेला रात्री केंद्रीय गृहसचिवांशी बोलणी होऊन संप मिटला, आणि 1 जुलै 2024 ला संहिता लागू झाली ती हे उपकलम बाजूला ठेवूनच. मुंबईत माहुलला दोन रिफायनऱ्या आहेत. पेट्रोल संपलं नव्हतं, ते आणणारी चाकं थांबली होती. हिशेब करा: पंपाच्या टाकीत 12,000 लिटर आहे आणि रोज 4,000 खपतं, तर तीन दिवस निघतात. एरवी दोन लिटर भरणारा प्रत्येक जण अफवेने सहा भरायला लागला की तेच एका दिवसात संपतं. त्या गर्दीत डबे घेऊन उभा राहणारा आणि रात्री वरचे पैसे घेऊन ते डबे भरून देणारा कर्मचारी, हे दोघं खरे गुन्हेगार. कर्मचाऱ्याने नाही म्हटलं तर बाटलीवाल्याकडे विकायला मालच नसतो. कुठल्या पंपावर टँकर कधी येणार, हे वेळेवर न सांगणाऱ्या तेल कंपन्याही जबाबदारी झटकू शकत नाहीत.

कायदा इथे स्पष्ट आहे. पेट्रोलियम कायदा, 1934 नुसार विनापरवाना, विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल जास्तीत जास्त 30 लिटर ठेवता येतं, तेही घट्ट झाकणाच्या काचेच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या भांड्यात. काचेचं आणि चिनी मातीचं एक लिटरपर्यंत, धातूचं 25 लिटरपर्यंत. प्लास्टिकची बाटली यात बसतच नाही. चाळीच्या जिन्याखाली ती ठेवणं म्हणजे सगळ्या मजल्यांचा जीव धोक्यात घालणं.

मापाची तक्रार वैधमापन शास्त्र विभागाकडे, काळ्या बाजाराची पोलिसांकडे किंवा शिधावाटप कार्यालयात, इतर मदतीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. पंपावरच्या फलकावर कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याचा नंबरही असतो. तक्रारीत बिल, तारीख, वेळ आणि नोझल क्रमांक हवा. भेसळीचा संशय असेल तर पंपावरच, कर्मचाऱ्यासमोर डेन्सिटी मोजायला सांगा आणि आकडा लिहून घ्या. गाडी घरी नेल्यावर टाकीतून काढलेल्या नमुन्याला पुरावा म्हणून फारशी किंमत राहत नाही.