आरशासारखी चमकणारी डिस्क आणि माझी झालेली फसवणूक

जुन्या गेमची डिस्क विकणाऱ्याने पाठवलेल्या व्हिडिओत ती इतकी चकचकीत होती की तिच्यात त्याच्या खोलीतल्या दिव्याचं प्रतिबिंब स्वच्छ दिसत होतं. सोबत त्याचा मेसेज होता, "सर, एक ओरखडा दाखवून द्या, फुकट देतो." मी व्हिडिओ तीनदा पाहिला. ओरखडा सापडला नाही. पैसे पाठवून दिले.

गेम प्लेस्टेशन २ चा, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या एका जुन्या कन्सोलचा होता. मी आणि माझा धाकटा भाऊ लहानपणी तो तासन्‌तास खेळायचो. तेव्हाची आमची डिस्क आमच्याच हातून खराब झाली. गेम बदलताना आधीची डिस्क डबीत ठेवायची सवय आम्हाला नव्हती. ती टेबलावर पडायची, चकचकीत बाजू खाली, तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी. वरची ओढून काढली की मधली धूळ दोन्ही डिस्कांवर घासली जायची. शेवटी तो गेम चालेनासा झाला आणि त्याचा शेवट आम्ही कधी पाहिलाच नाही. इतक्या वर्षांनी दोघांनी बसून तो पुरा करायचा, एवढ्यासाठी मी ही जुनी डिस्क शोधून विकत घेतली.

या वेळी मात्र काळजी घेण्यात कसूर नव्हती. डबीच्या मधला खटका दाबून डिस्क सैल केली, तिची कड धरून वाकवत ओढली नाही. एक बोट मधल्या भोकात आणि अंगठा कडेला, असंच तिला धरलं. कन्सोल आडवा, सपाट जागी ठेवला आणि डिस्क फिरत असताना त्याला हात लावला नाही, कारण फिरत्या डिस्कला धक्का बसला तर ती आत कशाला तरी घासते आणि गोल चरा पडतो. खेळ संपला की डिस्क ट्रेमध्ये न ठेवता लगेच डबीत. हे सगळं मी केलं होतं, म्हणूनच पुढे जे ऐकावं लागलं ते फार लागलं.

तीन संध्याकाळी गेम उत्तम चालला. चौथ्या दिवशी एका टप्प्याच्या लोडिंगवर पडदा काळा झाला आणि तसाच राहिला. आतून डिस्क वेग घेतल्याचा, मग मंदावल्याचा, पुन्हा वेग घेतल्याचा आवाज येत होता. बंद करून मेमरी कार्डावरच्या सेव्हपासून पुन्हा सुरू केलं, तर पुन्हा तिथेच अडला. दहा वेळा केलं, दहाही वेळा तिथेच. बाकीच्या डिस्का त्याच कन्सोलवर नीट चालत होत्या. मित्राच्या कन्सोलवर ही डिस्क लावली, तिथेही तोच टप्पा, तोच काळा पडदा.

ओळखीतले एक काका जुने कन्सोल दुरुस्त करतात. त्यांनी डिस्क हातात घेतली आणि समोरून न बघता ती तिरकी करून कडेने टॉर्चचा उजेड टाकला. समोरून आरसा दिसणाऱ्या त्या पृष्ठभागावर तिरक्या उजेडात पाण्यावरच्या तरंगासारख्या लाटा दिसायला लागल्या. बाहेरच्या कडेजवळ धुरकट पट्टा होता. "अरे, ही पॉलिश केलेली आहे, आणि एकदा नाही," काका म्हणाले. त्यांनी मला जे समजावलं ते आधी माहीत असतं तर मी त्या व्हिडिओला भुललो नसतो.

डिस्कची जाडी साधारण १.२ मिमी. माझा गेम होता तशा डीव्हीडीत प्रत्येकी सुमारे ०.६ मिमीच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि माहिती त्यांच्या मधोमध असते. खालच्या पारदर्शक प्लास्टिकमधून लेझर आत जाऊन ती वाचतो. पॉलिश म्हणजे या प्लास्टिकचा वरचा थर घासून काढणं. ओरखडा उथळ असेल आणि काम चांगल्या यंत्रावर, नीट झालं असेल, तर डिस्क खरोखर वाचते. ते करून देणारे प्रामाणिक लोकही आहेत आणि पॉलिश केल्याचं ते आधीच सांगतात. पण ओरखडा खोल असेल किंवा घासणं वरखाली झालं असेल, तर डोळ्यांना चमक दिसते आणि लेझरला मात्र वेड्यावाकड्या काचेतून पाहावं लागतं. त्याचा नेम चुकत राहतो.

मग गेम तीन दिवस चालला कसा? डिस्कवर माहिती लिहितानाच चुका दुरुस्त करण्याची सोय केलेली असते. काही तुकडे वाचता आले नाहीत तर उरलेल्यांवरून ते पुन्हा जुळवले जातात, आणि खेळणाऱ्याला पत्ताही लागत नाही. नुकसान त्या सोयीच्या आवाक्याबाहेर गेलं की तिथे गेम अडतो. शिवाय एकपदरी डीव्हीडीत ४.७ जीबी माहिती मावते आणि व्हिडिओत दिसलेला मेनू व पहिला टप्पा हा त्यातला लहानसा भाग. "चालू करून दाखवली" याचा अर्थ फक्त तेवढा भाग वाचता येतो, एवढाच.

मी विकणाऱ्याला हे सगळं सविस्तर लिहिलं. आधी उत्तर आलं, "लेन्स साफ करून घ्या." बाकीच्या डिस्का चालतात हे सांगितल्यावर, "सर, परत पाठवा, तपासून पैसे देतो." मी पाठवली. चार दिवसांनी त्याच्याकडून एक फोटो आला. डिस्कवर अर्धगोल, खोल चरा. खाली लिहिलं होतं, "ही तुमच्या मशीनने घासली. मी चांगली दिली होती. डिस्क नीट वापरता येत नसेल तर घेऊ नये."

तो चरा माझ्या घरी नव्हता, याची मला शंभर टक्के खात्री आहे. काकांनीही डिस्क पाहिली होती. पण ज्या ठिकाणी जाहिरात होती तिथे तक्रार केल्यावर त्यांनी मागितलं ते एकच: डिस्क हातात आली तेव्हाचे आणि परत पाठवली तेव्हाचे फोटो. माझ्याकडे एकही नव्हता. फोटोतली डिस्क मी पाठवलेलीच आहे की त्याच गेमची दुसरी, हेही मी सिद्ध करू शकलो नाही. पैसे गेले, डिस्कही गेली.

म्हणून कळकळीने सांगतो, जुनी डिस्क घेताना व्हिडिओ मागा तो तिरक्या उजेडातला, समोरून काढलेला नको. मधल्या भोकाभोवतीच्या कड्यावर बारीक अक्षरांत आकडे कोरलेले असतात, त्याचा जवळून फोटो मागा. त्या गेमच्या एकाच साच्यातल्या अनेक प्रतींवर तेच आकडे असू शकतात, पण दुसऱ्या साच्यातली प्रत दाखवली तर ती लगेच पकडता येते. पाकीट उघडतानाच सलग व्हिडिओ काढा आणि दोन्ही बाजूंच्या खुणा, अगदी केसाएवढ्या असल्या तरी, टिपून ठेवा. परत पाठवायची वेळ आली तर पाकीट बंद करण्याआधी पुन्हा तेच करा.

लेबलची बाजू लोक पाहतच नाहीत, आणि काकांच्या मते सगळ्यात मोठी फसवणूक तिथेच लपते. सीडीत माहितीचा थर लेबलच्या अगदी खाली असतो, वर फक्त लाखेचा आणि छपाईचा पातळ पापुद्रा. प्लेस्टेशन १ चे गेम सीडीवर होते. प्लेस्टेशन २ चेही काही सीडीवर आले, त्यांची खालची बाजू निळी असते. अशा डिस्कच्या लेबलवर चरा पडला की माहितीच खरवडली जाते आणि ती कुठल्याही पॉलिशने परत येत नाही. वर स्टिकर चिकटवलेला असेल तर खाली काय आहे ते आधी विचारा. स्टिकरमुळे डिस्कचा तोलही जातो.

प्लेस्टेशन ३ पासूनच्या ब्ल्यू-रे डिस्क (डीव्हीडीनंतर आलेला प्रकार) "पॉलिश करून नव्यासारखी" म्हणून कोणी विकत असेल तर दूर राहा. तिथे माहिती पृष्ठभागाखाली जेमतेम ०.१ मिमीवर असते. म्हणूनच वर कडक लेप दिलेला असतो, आणि घासलं की आधी तोच लेप जातो. टूथपेस्ट लावून ओरखडे काढायच्या सल्ल्याबद्दलही हेच. तीही घासणारीच वस्तू आहे, ब्ल्यू-रेवर तर चुकूनही लावू नका.

आपल्या डिस्का पुसताना मऊ, स्वच्छ कापड घ्या आणि मधून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल पुसायची आपल्या सगळ्यांची सवय असते, ती मोडायलाच हवी. माहिती एका लांब रेषेत, मधून बाहेर गोल वेढे घेत लिहिलेली असते. मधून कडेकडे जाणारा आडवा ओरखडा प्रत्येक वेढ्याचा जरासा भाग खराब करतो आणि तो दुरुस्त होतो. वेढ्याच्या दिशेने गेलेला ओरखडा एकाच जागची लांबच लांब माहिती पुसून टाकतो. माझ्या डिस्कवर दाखवलेला तो चरा नेमका तसाच होता.

नंतर तोच गेम आम्ही दुसऱ्या एका माणसाकडून घेतला. त्याने न मागता लिहिलं होतं की कडेला दोन आडवे ओरखडे आहेत, पॉलिश केलेली नाही, पूर्ण खेळून पाहिलेली आहे. तिरक्या उजेडात ते दोन्ही ओरखडे दिसत होते, बाकी पृष्ठभाग सपाट होता, कड्यावरचे आकडे फोटोशी जुळत होते. तो टप्पा जवळ आला तेव्हा भावाने माझा हात धरला होता. लोडिंगचा पडदा नेहमीइतकाच वेळ राहिला आणि पुढचा टप्पा उघडला.