मध्यंतरापर्यंत वाढप बंद: माहीमची एक खानावळ आणि न्यूजर्सीचा प्रेक्षक

माहीमला लेडी जमशेटजी रस्त्यावरून आत वळणाऱ्या एका गल्लीत तळमजल्यावर खानावळ आणि तिच्यावर तिचीच एक लांबट खोली, अशी ही जागा आहे. एरवी त्या खोलीत बारशी आणि साखरपुडे होतात. फुटबॉलच्या मोठ्या सामन्यांच्या रात्री मात्र समोरच्या पांढऱ्या भिंतीवर प्रोजेक्टरने सामना दाखवला जातो. दाटीवाटीने बत्तीस माणसे बसतात आणि सामन्याच्या दिवशी तेवढ्याच माणसांना दारातून परत पाठवावे लागते, म्हणून खानावळीचे नाव छापू नये अशी मालकांची विनंती आहे व मी ती पाळत आहे. त्या भागात राहणाऱ्यांना वर्णनावरून जागा ओळखता येईल.

या जागेचा एक नियम आहे आणि माझ्या मते तोच तिचा सर्वांत मोठा गुण आहे. सामना सुरू होण्याच्या पंधरा मिनिटे आधी शेवटची मागणी घेतली जाते, ताटे टेबलांवर येतात, आणि पंचांची पहिली शिट्टी वाजली की वाढपी खाली जातात व जिन्याचे दार ओढून घेतले जाते. त्यानंतर मध्यंतरापर्यंत पाणीसुद्धा वर येत नाही. टेबलावरच्या तांब्यातून आपले आपण घ्यायचे. मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत मात्र चार माणसे धावपळ करून चहा, सोलकढी आणि दुसऱ्या फेरीचे खाणे पोहोचवतात. गाणी लावत नाहीत, समालोचनाचा आवाज पूर्ण ठेवतात आणि भिंतीजवळचे दोन दिवे सोडून बाकीचे बंद करतात.

हा नियम किती मोलाचा आहे ते मला लोअर परळच्या एका प्रशस्त ठिकाणी दोन वेळा निराश होऊन परतल्यावर कळले. तिथे सात पडदे होते, पण समालोचनाच्या जागी गाणी वाजत होती, दर दहा मिनिटांनी कुणीतरी ध्वनिक्षेपकावरून सवलती जाहीर करत होते आणि बिलाचा कागद घेऊन आलेला माणूस नेमका एका कॉर्नर किकच्या वेळी माझ्यासमोर उभा राहिला. गोल झाल्यावर तिथे मोठा जल्लोष व्हायचा आणि तो गोल चार वेळा पुन्हा दाखवला जायचा. त्या गोलाआधीची मिनिटे मात्र तिथल्या कोणाच्याच जमेला नव्हती.

२०२२ च्या डिसेंबरात माझा भाचा न्यूजर्सीहून महिनाभरासाठी आला होता. त्याचा जन्म तिथलाच. मराठी चांगले बोलतो, पण खेळाचे संस्कार पूर्णपणे अमेरिकन आहेत. न्यूयॉर्क जायंट्स हा त्याचा अमेरिकन फुटबॉलचा संघ आणि उन्हाळ्यात बेसबॉल. ज्याला आपण फुटबॉल म्हणतो त्याला तो अर्थातच सॉकर म्हणतो. (हा शब्द मूळचा इंग्लंडचा, ‘असोसिएशन’ या शब्दाचे विद्यार्थ्यांनी केलेले लघुरूप, अमेरिकनांनी तो केवळ जपून ठेवला, म्हणून त्यावरून त्यांना हिणवणे मला पटत नाही.) कतारमधील विश्वचषकात ३ डिसेंबरला अमेरिकेचा बाद फेरीचा सामना नेदरलँड्सशी होता आणि तो आपल्याकडे शनिवारी रात्री साडेआठला येत होता. मी दोन जागा राखून ठेवल्या.

जिना चढतानाच तो म्हणाला, “मामा, मी देशासाठी बघणार आहे. पण खरं सांगतो, या खेळात काही होतच नाही.” मी वाद घातला नाही, कारण त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. त्याला खरोखरच काही होताना दिसत नव्हते, आणि ते का दिसत नाही हाच माझ्या कुतूहलाचा विषय होता.

या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर असे दिले जाते की अमेरिकनांना धीर नाही आणि त्यांना सतत गुण हवे असतात. हे उत्तर मला पूर्वीही पटत नव्हते आणि त्या रात्रीनंतर अजिबात पटत नाही. जो माणूस बेसबॉलचा तीन-तीन तासांचा सामना आवडीने बघतो, त्याला धीर नाही असे कसे म्हणता येईल? अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याचे घड्याळ साठ मिनिटांचे असते, प्रक्षेपण तीन तासांहून अधिक चालते आणि चेंडू प्रत्यक्ष खेळात असण्याचा एकूण वेळ जेमतेम अकरा मिनिटांच्या आसपास भरतो. म्हणजे वाट पाहणे त्यांच्या अंगवळणी पडलेले आहे. गुणांचे म्हणाल तर, तिथे एका टचडाउनला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेल्यावर, सहा गुण आणि बहुधा वरचा एक मिळतो. तेव्हा २१-१४ असा भरघोस दिसणारा निकाल म्हणजे मुळात तीन विरुद्ध दोन इतकाच असतो.

फरक आहे तो मोजणीत. अमेरिकन फुटबॉलमध्ये दहा यार्ड पुढे जाण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्न काही सेकंदांत संपतो आणि संपताक्षणी त्याचा हिशेब लागतो की किती यार्ड मिळाले, किती उरले आणि कितवा प्रयत्न आता येणार. बेसबॉलमध्ये टाकलेला प्रत्येक चेंडू कुठल्या ना कुठल्या रकान्यात जातो. तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये १९५४ पासून चोवीस सेकंदांचे घड्याळ आहे, त्या मुदतीत बास्केटकडे चेंडू टाकावाच लागतो. असा प्रेक्षक लहानपणापासून छोट्या छोट्या पावत्या गोळा करत खेळ बघतो आणि दोन पावत्यांमधल्या फटीत तो बोलतो, खातो, पुढे काय होईल याचा अंदाज बांधतो. आपल्या फुटबॉलमध्ये पंचेचाळीस मिनिटे कुणी पावती फाडत नाही. बचावपटूने पुढच्या माणसाला वळायला जागा दिली नाही, मध्यरक्षकाने दहा यार्ड आधीच धावून पासची वाट बंद केली, याची नोंद धावफलकावर कुठेच होत नाही. ज्याला पावतीची सवय आहे त्याला वाटते की व्यवहारच झाला नाही.

सामना सुरू झाला. तिसऱ्याच मिनिटाला अमेरिकेचा पुलिसिक एकटा डच गोलरक्षकासमोर आला आणि त्या गोलरक्षकाने, नोपर्टने, त्याचा फटका अडवला. भाचा खुर्चीतून अर्धा उठला आणि मग हळूहळू मागे रेलला. त्यानंतर डच खेळाडू आपल्याच अर्ध्या मैदानात शांतपणे चेंडू फिरवू लागले: डावीकडे, मागे, पुन्हा उजवीकडे. भाच्याने खिशातून फोन काढला. त्याचा अंगठा पडद्यावर फिरत असतानाच उजव्या बाजूने डम्फ्रिस पुढे गेला, त्याने चेंडू जमिनीलगत मागे ढकलला आणि मोकळ्या आलेल्या डिपायने पहिल्याच स्पर्शात गोल केला. दहावे मिनिट होते. जवळपास वीस पासांची ती साखळी होती आणि भाच्याने तिची शेवटची कडीसुद्धा पाहिली नव्हती. तो फोन खाली ठेवून म्हणाला, “हे कुठून आलं?” त्याच्या दृष्टीने गोल आकाशातून पडला होता. डच संघ त्या वेळात जे करत होता ते म्हणजे अमेरिकेच्या मध्यरक्षकांना एकेक पाऊल जागेवरून हलवणे, आणि ते ‘काही होत नसलेल्या’ क्षणांतच चालले होते.

मध्यंतराआधी जादा वेळेत दुसरा गोल झाला, तोही जवळजवळ तसाच: उजवीकडून डम्फ्रिसचा मागे दिलेला पास आणि धावत आलेला ब्लिंड. या वेळी भाच्याने गोल पाहिला, पण चेंडूच पाहिला. चेंडूवरच नजर ठेवणे हे त्याच्या खेळांत योग्यच असते, कारण तिथे खेळ थांबतो तेव्हा सर्व माणसे पुन्हा आपापल्या ओळीत उभी राहतात आणि मांडणी बघायला वेळ मिळतो. इथे मांडणी धावता धावताच बदलते आणि ती समजावण्यासाठी कुणी थांबत नाही.

हा प्रश्न अमेरिकेत जुना आहे आणि तिथल्या आयोजकांनी त्याचे उत्तर अनेकदा नियम वाकवून शोधले. पेलेला १९७५ मध्ये न्यूयॉर्क कॉसमॉसमध्ये आणणाऱ्या त्यांच्या जुन्या लीगमध्ये जिंकण्याच्या गुणांखेरीज केलेल्या गोलांचेही जादा गुण मिळत. १९९६ मध्ये सुरू झालेल्या मेजर लीग सॉकरने घड्याळ उलटे चालवले आणि बरोबरी नको म्हणून पस्तीस यार्डांवरून पाच सेकंदांत गोलरक्षकाला चकवण्याची चुरस ठेवली. हे दोन्ही बदल १९९९ च्या हंगामानंतर सोडून देण्यात आले. मला यात मोठा अर्थ दिसतो. पावत्या चिकटवून नवा प्रेक्षक फारसा मिळत नाही आणि जुना मात्र दुखावतो. शिवाय सर्व अमेरिकनांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे. १९९४ च्या त्यांच्या विश्वचषकात सामन्यामागे सरासरी जवळपास ६९ हजार प्रेक्षक आले होते. १९९९ च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला ९०,१८५ लोक हजर होते आणि तो अमेरिकेने जिंकला. त्या देशात हा खेळ बघणारे आहेत आणि उत्तम बघणारे आहेत.

आपणही यात फार वेगळे नाही. क्रिकेटमध्ये प्रत्येक चेंडूला निकाल असतो, कबड्डीत तीस सेकंदांच्या चढाईला निकाल असतो, त्यामुळे मराठी घरातला सरासरी प्रेक्षकही पावत्यांवरच वाढलेला आहे. २०१८ च्या जूनमध्ये अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनामध्ये भारताने चायनीज तैपेईला ५-० हरवले, सुनील छेत्रीने हॅट्ट्रिक केली, आणि प्रेक्षक होते २,५६९. छेत्रीला चित्रफितीतून हात जोडून लोकांना बोलवावे लागले, तेव्हा केनियाविरुद्धचा पुढचा सामना भरला. मात्र आपल्याकडे एक शिदोरी आहे जी भाच्याकडे नव्हती. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसणारा जुना माणूस ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू नीट सोडल्याबद्दलही फलंदाजाला दाद देतो. न घडलेल्या गोष्टीला दाद देण्याची ती सवय फुटबॉल बघताना थेट उपयोगी पडते. माझी नजर तिथेच तयार झाली.

मध्यंतरात सोलकढी पिताना मी भाच्याला एकच सांगितले: “आता चेंडू बघू नकोस. फक्त डम्फ्रिस कुठे उभा आहे ते बघ, आणि त्याच्याजवळ कोण आहे ते.” जिन्याचे दार पुन्हा बंद झाले. पहिली काही मिनिटे त्याची मान सवयीने चेंडूमागे वळत होती, मग ती थांबली. थोड्या वेळाने तो स्वतःशीच बोलू लागला: “तो एकटा आहे. परत एकटा आहे. हे लोक त्याला का सोडतायत?” शहात्तराव्या मिनिटाला राइटच्या पायाला लागून चेंडू गोलरक्षकाच्या डोक्यावरून आत गेला, अमेरिकेचा एक गोल झाला आणि खोलीतल्या सर्वांनी भाच्यासाठी टाळ्या वाजवल्या. पण मला लक्षात राहिले ते त्यापुढचे. एक्याऐंशीव्या मिनिटाला डावीकडे ब्लिंडकडे चेंडू आला तेव्हा खोलीतल्या बहुतेकांच्या नजरा ब्लिंडवर होत्या, भाचा मात्र दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, “नाही, नाही, मागे बघा!” चेंडू दूरच्या खांबाकडे गेला, तिथे डम्फ्रिस एकटाच होता, आणि ३-१ झाले. त्याचा देश हरला आणि तो वाईट मनाने घरी आला, पण टॅक्सीत त्याने निकालाबद्दल एक शब्द काढला नाही. डाव्या बाजूचा बचावपटू कुठे असायला हवा होता हेच तो विचारत राहिला.

हे शिक्षण सात पडद्यांच्या त्या हॉलमध्ये झाले नसते याची मला खात्री आहे. ज्या खेळात थांबा नाही, तो बघण्याच्या जागेतही थांबे असू नयेत, हे या खानावळीच्या मालकांना नेमके कळले आहे.

खाण्याबद्दल थोडक्यात सांगतो. बोंबील उत्तम, पण ते पहिल्या दहा मिनिटांतच संपवावेत. नंतर मऊ पडतात. खिमा-पाव मध्यंतरासाठी ठेवावा. शाकाहारी माणसाची सोय बटाटेवडा आणि मिसळ यापलीकडे नाही. माणशी ४०० रुपयांत जागा, एक ताट आणि एक चहा मिळतो, हा दर वाजवी आहे. जिना अरुंद व उभा असल्याने गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करून यावे, आणि बत्तीस माणसांना स्वच्छतागृह एकच आहे, ही उणीव मध्यंतरात फार जाणवते.

खरी तक्रार मात्र दुसरीच आहे. अलीकडे मालकांनी डिशची जोडणी काढून इंटरनेटवरून सामने दाखवायला सुरुवात केली आहे आणि चित्र वीस-पंचवीस सेकंद उशिरा येते. शेजारच्या इमारतीत डिश आहे. तिथून आरोळी उठते तेव्हा आपल्या भिंतीवर बचावपटू अजून चेंडू मागे देत असतो, आणि ज्या मिनिटांसाठी या खोलीचे दार बंद केले जाते तीच मिनिटे वाया जातात. ही गोष्ट मी मालकांच्या कानावर घातली आहे आणि जुनी जोडणी पुन्हा घेण्याचा विचार चालू आहे असे ते म्हणाले. तोपर्यंत खिडकीकडची टेबले टाळून जिन्याजवळचे टेबल मागावे. तिथे शेजारचा आवाज कमी पोहोचतो.