फर्मा की मिलर-राबिन?
मोठी संख्या मूळ आहे का हे तपासायला कुठली चाचणी लिहू, यावर भाचा अडलाय.

कोड फर्माचा सोपा, दोन ओळींत काम. वेग जवळपास सारखाच. खरी गोम खात्रीत. ५६१ घ्या, म्हणजे ३×११×१७. २च्या ५६०व्या घाताला ५६१ने भागलं की बाकी १. फर्माच्या प्रमेयानुसार मूळ संख्येलाही अशीच बाकी १ येते, म्हणून फर्मा चाचणी फसते! मिलर-राबिन मधल्या पायऱ्याही बघते: १४०व्या घाताला बाकी ६७, २८०व्याला एकदम १. मूळ संख्येत १च्या आधी १ किंवा −१च येतं, त्यामुळे ६७ दिसताच चोरी पकडली. तरी एका यादृच्छिक पायावर (ज्याचा घात घेतो ती संख्या, इथे २) चुकण्याची शक्यता जास्तीत जास्त पाव, म्हणून वीसेक पाये तपासावेत.

वर्गात प्रमेय दाखवायला फर्मा पुरे. कूटलेखनाच्या (गुप्त संदेशांच्या) किल्ल्यांसाठी मात्र मिलर-राबिनच.